बेचिराख शेक्सपिअर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी ॲरिझोनात टुसॉनला राहते. भारतातून पाहुणे आले की ग्रँड कॅन्यन ठरलेलंच असतं. पण ज्यांना दोन दिवस जास्त असतात त्यांना मी पूर्वेला, न्यू मेक्सिकोतल्या शेक्सपिअर नावाच्या ओसाड गावात घेऊन जाते. फोटो कुटुंबाच्या ग्रुपवर पडतात आणि मग प्रश्न सुरू होतात. त्याच त्या प्रश्नांना वेगवेगळ्या काका-मावश्यांना उत्तरं देऊन दमले, म्हणून सगळं एकत्र लिहून ठेवलंय. प्रश्नांना क्रमांक दिलेत. एकाच गोष्टीबद्दल दोनदा विचारलं असेल, तिथे कुठे बघायचं ते सांगितलंय.

१. शेक्सपिअर नावाचं गाव खरंच आहे का? कुठे?

आहे. न्यू मेक्सिको राज्याच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात, हिडाल्गो काउंटीत, लॉर्ड्‌सबर्ग या गावापासून जेमतेम अडीच-तीन मैल दक्षिणेला. आय-१० महामार्गावरून अगदी जवळ. पिरॅमिड नावाच्या बुटक्या डोंगररांगेच्या पायथ्याशी, समुद्रसपाटीपासून चार हजार फुटांहून उंचावर. आसपास काटेरी झुडपं आणि वारा. माणदेशातल्या उन्हाळ्याची आठवण येते.

२. ‘घोस्ट टाऊन’ म्हणजे भुताचं गाव ना? भुतं दिसतात का?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा येतो. घोस्ट टाऊन म्हणजे वस्ती उठून गेलेलं गाव. आपल्या महसूल दप्तरात यासाठी फार नेमका शब्द आहे: बेचिराख गाव. बे-चिराग, म्हणजे जिथे संध्याकाळी दिवा लागत नाही ते. सात-बारा असतो, शीव असते, माणसं नसतात. शेक्सपिअर हे तसंच. भुतांच्या गोष्टी तिकडेही सांगतात, पण मला आजवर एक रानससा आणि दोन सरडे एवढेच भेटलेत.

३. स्टेजकोच म्हणजे आपला टांगाच का?

नाही. टांगा दोन चाकांचा आणि जवळच्या अंतराचा. स्टेजकोच चार चाकांची, चार किंवा सहा जनावरांची, टपाल आणि माणसं घेऊन शेकडो मैल जाणारी बंद गाडी. ‘स्टेज’ म्हणजे टप्पा. दर टप्प्याला दमलेली जनावरं सोडायची, ताजी जुंपायची आणि गाडी पुढे काढायची, हेच तिच्या वेगाचं गुपित. म्हणून मी तिला टप्पागाडी म्हणते.

सगळ्यात नावाजलेली गाडी न्यू हॅम्पशरमधल्या कॉन्कॉर्ड गावात बनायची. तिला लोखंडी स्प्रिंगा नसत. सगळा डबा चामड्याच्या जाड पट्ट्यांवर टांगलेला, त्यामुळे ती पाळण्यासारखी हेलकावे घेई आणि पहिल्या दिवशी अर्ध्या प्रवाशांना ओकाऱ्या होत. आत तीन बाकांवर नऊ जण. मधल्या बाकावरच्यांना पाठ टेकायला एक चामड्याचा पट्टा, बस. वाळवंटातल्या खराब वाटेवर याहून हलकी, कापडी छताची गाडी वापरत आणि घोड्यांऐवजी खेचरं जुंपत, कारण खेचर उन्हात आणि कमी पाण्यात टिकतं.

४. एवढ्या उजाड जागी गाव वसलंच कशाला?

पाण्यासाठी. इथे एक लहानसा झरा होता, ‘मेक्सिकन स्प्रिंग’ नावाचा. फार पाणी नव्हतं त्याला, पण भरवशाचं होतं.

या मुलखात पाण्याची किंमत काय होती ते एका आकड्यावरून कळेल. १८५८ साली टपालमार्गाची पाहणी झाली, तेव्हाच्या अहवालात ‘सोल्जर्स फेअरवेल’ ते ‘स्टाइन्स पीक’ हा एक टप्पा ४२ मैलांचा दाखवलाय. म्हणजे सुमारे ६८ किलोमीटर, मध्ये काही नाही. साधारण १५-२० मैलांवर जनावरं बदलायची असतील तर अशा पट्ट्यात झरा सापडणं म्हणजे घबाड. या गावाचा पुढचा सगळा इतिहास चांदी, हिरे आणि शेअर यांच्या नावाने सांगतात, पण माझ्या मते इथला एकच खरा धंदा होता: पाणी आणि ताजी खेचरं. बाकी सगळं त्यावर चढवलेलं.

५. थांब्यावर नेमकं काय चालायचं?

थांबे दोन प्रकारचे. एक नुसता जनावरं बदलायचा, दुसरा जेवणाचा. गाडी जवळ आली की कंडक्टर लांबूनच बिगुल वाजवी. तो ऐकला की पागेतली माणसं साज चढवलेली खेचरं बाहेर काढून उभी करत. दहा मिनिटांत जुनी सुटायची आणि नवी लागायची. प्रवाशाने तेवढ्यात हातपाय मोकळे करावेत, तोंडावर पाणी मारावं. जेवणाचा थांबा असेल तर खारवलेलं डुकराचं मांस, बीन्स, पाव आणि काळी कॉफी. भाड्यात जेवण धरलेलं नसे, पैसे वेगळे.

मुक्काम हा प्रकारच नव्हता. गाडी रात्रंदिवस चाले, झोपायचं ते बसल्या जागी, शेजाऱ्याच्या खांद्यावर. सरासरी वेग ताशी पाच मैलांच्या आसपास. आमच्या सासूबाईंना हे सांगितलं तर म्हणाल्या, “म्हणजे लाल डब्याने पंढरपूर, पण चोवीस दिवस.” याहून चांगली व्याख्या मला सुचलेली नाही.

६. हा बटरफिल्ड लाइनचा थांबा होता असं नेटवर वाचलं. बरोबर ना?

इथे जपून. जॉन बटरफिल्डच्या कंपनीने १८५७ मध्ये सरकारी टपालाचं कंत्राट घेतलं: वर्षाला ६ लाख डॉलर, आठवड्यातून दोनदा, मिसिसिपी नदीपासून सॅन फ्रान्सिस्कोपर्यंत २५ दिवसांच्या आत. अंतर सुमारे २८०० मैल. सप्टेंबर १८५८ च्या मध्याला पहिली टपालं निघाली आणि पश्चिमेकडे जाणारं टपाल २४ दिवसांहून थोड्या कमी वेळात पोचलं. त्या पहिल्या फेरीत शेवटपर्यंत गेलेला प्रवासी एकच, न्यूयॉर्क हेरल्डचा वार्ताहर वॉटरमन ऑर्म्सबी. सुरुवातीला पश्चिमेकडे जायचं पूर्ण भाडं २०० डॉलर होतं.

पण बटरफिल्डचा मुख्य रस्ता या झऱ्याच्या थोडा उत्तरेकडून जाई. प्रश्न ४ मध्ये सांगितलेल्या लांबलचक टप्प्यात मध्ये पुढे ‘बार्नीज’ नावाचं ठाणं टाकलं, ते त्या रस्त्यावर. १८६१ मध्ये अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या तोंडावर हा दक्षिण मार्ग बंद करून टपाल मधल्या मार्गावर नेलं. मेक्सिकन स्प्रिंगचं ठाणं म्हणून ठसठशीत नाव होतं ते युद्धानंतर, टपाल पुन्हा सुरू झालं तेव्हा. जॉन एव्हेन्सन नावाच्या माणसाने ते ठाणं चालवलं. गावात त्याला ‘अंकल जॉनी’ म्हणत. तेव्हा ‘टप्पागाडीचा थांबा’ हे शंभर टक्के खरं. ‘बटरफिल्डचा थांबा’ हे पर्यटन पत्रकातलं वाक्य.

बटरफिल्डच्याही आधी, १८५७ मध्ये, जेम्स बर्चने सॅन अँटोनिओ ते सॅन दिएगो टपाल सुरू केलं होतं. वाळवंटाचा एक भाग खेचरावर बसूनच पार करावा लागे म्हणून लोक त्याला ‘गाढव टपाल’ म्हणून चिडवत. बिचारा बर्च त्याच वर्षी सप्टेंबरात बोट बुडून गेला.

७. पण ही जमीन होती कोणाची?

अपाचींची, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांची. कागदोपत्री अमेरिकेने दक्षिणेचा हा पट्टा मेक्सिकोकडून १ कोटी डॉलरला घेतला (करार १८५३ चा, मंजुरी १८५४ ची), पण विकणाऱ्याला नि घेणाऱ्याला त्यावर फिरायला अपाचींची मर्जी लागे. सुरुवातीला टपालवाल्यांचं आणि चिरिकाहुआ अपाचींचा नायक कोचीस याचं बरं जमत होतं. फेब्रुवारी १८६१ मध्ये पश्चिमेकडच्या अपाची खिंडीत बॅस्कम नावाच्या तरुण लेफ्टनंटने कोचीसवर नसलेला आळ घेतला, त्याला बोलणीच्या तंबूत पकडायला गेला. कोचीस निसटला. दोन्ही बाजूंनी ओलीस मारले गेले आणि पुढे दहा-बारा वर्षं लढाई चालली. गावातल्या भिंती जाड आणि खिडक्या लहान का, हे उन्हावरून जितकं कळतं तितकंच या घटनेवरूनही.

८. एका गावाची चार नावं कशी?

मेक्सिकन स्प्रिंग हे झऱ्याचं नाव. युद्धानंतर ठाण्याला ‘ग्रँट’ म्हणू लागले, यादवी युद्धातल्या जनरल ग्रँटवरून. १८७० मध्ये डोंगरात चांदीचं खनिज सापडलं, नमुने सॅन फ्रान्सिस्कोला गेले, बँक ऑफ कॅलिफोर्नियाचा विल्यम रॉल्स्टन भाळला आणि गाव ‘रॉल्स्टन सिटी’ झालं. तीन हजार वस्ती होती असं सांगतात. एका झऱ्यावर तीन हजार माणसं? मला तो आकडा शेअर विकणाऱ्यांचा वाटतो. खनिज वरवरचंच निघालं, भागधारक बुडाले, गाव रिकामं झालं. १८७९ मध्ये कर्नल विल्यम बॉइल याने खाणींचे हक्क मिळवले आणि बदनाम नाव पुसून ‘शेक्सपिअर’ ठेवलं (पुढे प्रश्न १०).

बघा, पहिली दोन नावं टपालाच्या दिवसांतली, पुढची दोन भागभांडवलाच्या.

९. हिऱ्यांची काय भानगड?

१८७२ चं प्रकरण. फिलिप आर्नोल्ड आणि जॉन स्लॅक हे केंटकीचे दोन नातलग हिऱ्यांची पिशवी घेऊन सॅन फ्रान्सिस्कोत उगवले. ‘आम्हाला हिऱ्यांचं शेत सापडलंय.’ न्यूयॉर्कचे जवाहिरे टिफनी यांनीसुद्धा खडे पाहून भलीमोठी किंमत सांगितली. रॉल्स्टन आणि त्याच्या मित्रांनी लाखो डॉलर ओतले. जागा गुप्त होती, म्हणून लोक ॲरिझोना-न्यू मेक्सिकोभर खोदत सुटले, आणि या गावाजवळच्या टेकड्यांचंही नाव घेतलं जाऊ लागलं.

भूवैज्ञानिक क्लॅरेन्स किंगने जागा शोधून काढली, ती निघाली कोलोराडोच्या वायव्य कोपऱ्यात. मुंग्यांच्या वारुळांत काडीने भोकं पाडून खडे खुपसलेले, हिऱ्यांबरोबर माणकंही. निसर्ग एवढा सोयीचा नसतो. तेव्हा शेक्सपिअरमध्ये हिरे ना सापडले ना पेरले गेले. गावाशी संबंध एवढाच की फसलेला सावकार तोच, ज्याचं नाव गावाला होतं. २६ ऑगस्ट १८७५ ला त्याची बँक बंद पडली, दुसऱ्या दिवशी तो सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीत पोहायला गेला आणि बुडाला.

१०. शेक्सपिअरच का? तिथे नाटकं व्हायची का?

नाटकं नाहीत. नवी खाणकंपनी, नवं नाव, तेही असं की भांडवलवाल्यांना भारदस्त वाटावं. मुख्य रस्ता ॲव्हन ॲव्हेन्यू, हॉटेलचं नाव स्ट्रॅटफर्ड (नाटककार शेक्सपिअरचं जन्मगाव ॲव्हन नदीकाठचं स्ट्रॅटफर्ड, त्यावरून). गावात चर्च नव्हतं, वर्तमानपत्र नव्हतं. आपल्याकडे डोंगर फोडून बांधलेल्या संकुलाला ‘वृंदावन’ नाव देतात, त्यातलाच प्रकार.

११. जेवणघरात दोघांना फाशी दिलं हे खरं का?

खरं. १८८१ मध्ये ‘रशियन बिल’ आणि सँडी किंग या दोघांना गावकऱ्यांनीच ग्रँट हाऊस या गाडीच्या थांब्याच्या जेवणघरातल्या तुळईला लटकवलं. आसपास त्या उंचीचं झाड नाही, हे तिथे उभं राहिलं की लगेच पटतं. एकावर घोडा चोरल्याचा आरोप, आणि दुसरा ‘फार उपद्रवी होता’ असं सांगतात. सकाळी गाडीतून उतरलेल्या प्रवाशांना न्याहारीआधी प्रेतं खाली काढायला हात लावावा लागला, ही गोष्ट मात्र सांगोवांगीची. दोघांना गावच्या दफनभूमीत पुरलंय.

तुळई अजून आहे. गोल, काळपट, मध्ये किंचित वाकलेली. खाली लांब टेबल मांडलेलं असतं. माझ्या भाच्याने तिथे उभं राहून मान वर केली आणि पुढची दहा मिनिटं तो काही बोलला नाही. घरी तो पाच मिनिटंही गप्प बसत नाही.

१२. १८८० ला रेल्वे आली तर १८८१ मध्ये गाडीचे प्रवासी कुठून?

चांगला पकडलात. रेल्वे आल्यावर लांब पल्ल्याची टप्पागाडी संपली, पण रूळ न पोचलेल्या खाणगावांकडे लहान पल्ल्याच्या घोडागाड्या चालूच राहिल्या. एसटी आली म्हणून बैलगाडी त्याच दिवशी थांबली नाही, तसंच.

१३. बिली द किड इथे भांडी घासायचा?

बिली द किड म्हणजे तिकडचा दंतकथा बनलेला बंदूकबाज गुन्हेगार. तो स्ट्रॅटफर्ड हॉटेलात भांडी घासायचा अशी आख्यायिका आहे. तो लहानपणी जवळच्या सिल्व्हर सिटीत राहायचा, १८७४ मध्ये आई तिथेच वारली आणि पुढल्या वर्षी तो ॲरिझोनाकडे पळाला, एवढं खरं. वाटेत इथे थांबला असेलही. पुरावा नाही.

१४. गाव रेल्वेने मारलं का?

अर्धं. सदर्न पॅसिफिकचे रूळ कॅलिफोर्नियाकडून आले, मार्च १८८० मध्ये टुसॉनला, ऑक्टोबरात इथल्या सपाटीवर. डोंगराच्या पायथ्याशी चढायचं कारण नव्हतं, म्हणून तीन मैल उत्तरेला स्टेशन पडलं. तेच लॉर्ड्‌सबर्ग. दुकानं, टपाल, पागा सगळं तिकडे सरकलं. प्रश्न ४ मध्ये म्हटलेला तो एकमेव खरा धंदा असा तीन मैलांनी गेला.

आपल्याला हे परकं वाटायला नको. भोर घाटात रूळ नव्हते तोवर खोपोलीला गाडी संपायची आणि माणसं पालखीतून, तट्टावरून घाट चढून खंडाळ्याला पुढची गाडी धरायची. १८६३ मध्ये घाटातला रेल्वेमार्ग उघडला तो कर्जतवरून. खोपोली फाट्यावर राहिली. तिला पुढे कारखान्यांनी तारलं. शेक्सपिअरकडे दुसरं काही नव्हतं, चांदी सोडून. आणि चांदीचं काय झालं ते पुढे.

१५. मुंबईच्या टांकसाळीचा या गावाशी संबंध आहे, असं तुम्ही म्हणालात. थट्टा ना?

अजिबात नाही, आणि ही माझी सगळ्यात आवडती गोष्ट आहे.

रुपया तेव्हा चांदीचा. कोणीही चांदी घेऊन मुंबईच्या किंवा कलकत्त्याच्या सरकारी टांकसाळीत जावं, थोडा आकार भरावा आणि रुपये पाडून घ्यावेत, अशी मोकळीक होती. त्यामुळे जगभरच्या खाणींना हिंदुस्थान हे मोठं गिऱ्हाईक. पण चांदी वर्षानुवर्षं स्वस्त होत चालली, रुपयाचा भाव सोन्याच्या पौंडापुढे घसरला आणि सरकारला विलायतेचा खर्च भागवणं जड जाऊ लागलं. हर्शेल समितीच्या शिफारशीवरून २६ जून १८९३ ला टांकसाळी खासगी चांदीसाठी बंद केल्या.

बातमी तारेने गेली आणि चांदीचा भाव काही दिवसांतच कोसळला. अमेरिकेत त्या वर्षी आधीच मंदी होती. सरकारी चांदीखरेदीचा कायदाही नोव्हेंबरात रद्द झाला. पश्चिमेकडच्या चांदीच्या खाणी धडाधड बंद पडल्या, त्यात शेक्सपिअरच्याही. फोर्टात टांकसाळीचं दार लागलं आणि न्यू मेक्सिकोत लोकांनी सामान बांधलं. भाव पडल्याचं कारण एकटी मुंबई नव्हे, पण शेवटचा धक्का मोठा होता.

१६. त्यानंतर कोणीच राहिलं नाही?

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जवळच ‘एटी-फाइव्ह’ नावाची तांब्याची खाण चालली आणि काही मजूर जुन्या घरांतून भाड्याने राहिले. १९१४ च्या सुमारास लॉर्ड्‌सबर्गहून खाणीकडे रुळांची शाखा टाकली, ती थेट ॲव्हन ॲव्हेन्यूवरून! ज्या रेल्वेची गावाने आयुष्यभर वाट पाहिली ती शेवटी दारावरून गेली, पण थांबायला नाही. १९३२ मध्ये खाणही बंद झाली. १९३५ मध्ये हिल नावाच्या रँचर कुटुंबाने सगळं गाव विकत घेतलं आणि घरं पडू दिली नाहीत. १९७३ मध्ये ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय नोंदवहीत नाव लागलं. १९९७ च्या आगीत एक महत्त्वाची इमारत गेली.

१७. आज बघायला काय मिळतं?

मोजक्या इमारती. बहुतेक मातीच्या कच्च्या विटांच्या, सपाट छपराच्या. आपल्याकडच्या धाब्याच्या घरासारख्या. भिंतीचा गिलावा जिथे गळलाय तिथे विटेतली काडी न् काडी दिसते. हात लावला तर बोटाला माती लागते. पुनर्बांधणी केलेल्या, पाट्या लावलेल्या, बंदुकीचे बार काढणाऱ्या गावाची अपेक्षा असेल तर ॲरिझोनातल्या टूमस्टोनला जा. इथे शांतता आहे, आणि मला तीच दाखवायची असते.

१८. कधीही गेलं तर चालेल?

नाही. खासगी मालकीची जागा आहे, ठरलेल्या दिवशी किंवा आधी विचारूनच आत सोडतात. निघण्यापूर्वी चौकशी करा. टुसॉनहून दीडशे मैलांच्या आसपास, अडीच तास धरा. पाणी सोबत न्या, पायांत बंद बूट घाला.

आणि घड्याळ बघा. ॲरिझोनात उन्हाळी वेळ पाळत नाहीत, न्यू मेक्सिकोत पाळतात. म्हणजे मार्च ते नोव्हेंबर तिकडे एक तास पुढे. पहिल्या खेपेला मी सात पाहुण्यांना घेऊन बरोबर दहाला फाटकाशी पोचले. तिथे अकरा वाजले होते आणि मंडळी गाव बघून परत निघाली होती. आम्ही कुंपणाबाहेर, दफनभूमीच्या कडेला बसून दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली.

१९. आठवण म्हणून विटेचा तुकडा आणला तर?

आणू नका. मागच्या वर्षी आमच्याच गाडीतून एक तुकडा टुसॉनपर्यंत आला होता, पर्समध्ये, रुमालात बांधून. घरी रुमाल उघडला तर नुसती माती.